केदारनाथच्या चढावर पाणी कसं सांभाळायचं : वऱ्हाडातून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात आमच्या अचलपूर तालुक्यातली वावरं रिकामी असतात. कापूस आणि तूर कधीच निघालेली असते, संत्र्याला ठिबक चालू असतं, मृगाला अवकाश असतो. त्याच दिवसांत केदारनाथच्या मंदिराची दारं उघडतात आणि गावोगावची माणसं निघतात. निघण्याआधी लोक विचारायला येतात. स्वेटर किती घ्यायचे, घोडा करायचा की पायी जायचं, बूट कोणते घ्यायचे, सगळं विचारतात. पाण्याचं मात्र कोणी विचारत नाही. पंचेचाळीस डिग्रीत वखर हाणणाऱ्या माणसाला तहान काय शिकवायची, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा गौरीकुंडाहून पहाटे निघालो. बारीक पाऊस होता, बोटं गारठलेली. दुपारी वाटेवरच्या लिनचोलीला टेकलो आणि पिशवीतली लिटरची बाटली बाहेर काढली, तर ती गळ्यापर्यंत भरलेली. आठ तासांत पोटात गेले होते दोन कप चहा. संध्याकाळी वर तंबूत डोकं असं ठणकायला लागलं की उशीला टेकवेना. लघवीला गेलो तर रंग कोऱ्या चहासारखा. सोबतचे काकाजी म्हणाले, "तू पानी काहून नाई पेला रे?" मी म्हटलं, "तहानच नाई लागली न काकाजी."

आपली तहान उन्हावर बांधलेली आहे. ऊन लागलं, घाम गळला, घसा कोरडा पडला, की आपण गडवा उचलतो. डोंगरावर यातलं काहीच होत नाही आणि पाणी तर अंगातून जातच राहतं. वरची हवा थंड आणि कोरडी असते. चढताना आपण तोंड उघडं ठेवून धापा टाकतो आणि प्रत्येक श्वासासोबत थोडी वाफ बाहेर जाते. थंडीत तोंडातून निघणारा धूर दिसतो ना, ते आपल्याच अंगातलं पाणी. घाम येतो, पण स्वेटरच्या आत येतो आणि वाऱ्यानं वाळून जातो, म्हणून कळत नाही. त्यात थंडीनं आणि उंचीनं लघवी वाढते, तहान कमी होते. म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: वर तहानेची वाट बघायची नाही. पाणी घड्याळावर प्यायचं, ठिबकच्या पाळीसारखं.

उंचीचा अंदाजही आधीच घेऊन ठेवा. चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे आणि मेळघाटातलं सगळ्यात उंच वैराटही बाराशेच्या आतच. गौरीकुंड, जिथून चढ सुरू होतो, तेच 1900 मीटरच्या वर आहे. मंदिर 3583 मीटरवर. मधलं अंतर सुमारे 16 किलोमीटर. म्हणजे चिखलदऱ्याच्या दीडपट उंची एकाच दिवसात चढायची.

पंधरा दिवस आधी : आपला घाम मोजा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. किराणा दुकानातला किंवा घरचा वजनकाटा घ्या. पहाटे साडेपाचला, लघवी करून, हलक्या कपड्यांवर वजन करा. मग पाठीवर यात्रेत नेणार तेवढं ओझं घेऊन तासभर झपझप चाला. घाटाचा रस्ता जवळ असेल तर उत्तम, नाहीतर धरणाचा बांध, कालव्याची कड, काहीही चालेल. या एका तासात पाणी पिऊ नका. परत येऊन अंग पुसा, तेच कपडे सुके करून किंवा तसेच दुसरे घालून पुन्हा वजन करा. सहाशे ग्रॅम कमी भरलं तर तासाला सहाशे मिली पाणी गेलं. एका लिटरचं वजन एक किलो, हिशोब सोपा आहे.

माझं सातशे भरलं होतं, माझ्या बायकोचं साडेचारशे. दोघं एकाच बाटलीवर एकाच मापानं चाललो असतो तर कोणा एकाचं नक्की बिघडलं असतं. मे महिन्यात ही चाचणी पहाटेच करा. दहानंतरच्या उन्हात पाणी न पिता चालण्याचा प्रयोग कुणीही करायचा नाही.

जमलं तर हिवाळ्यातच एकदा गाविलगड नाहीतर नरनाळा पायी करून या. नरनाळ्याला शहानूरच्या नाक्यावर वनखात्याकडे नोंद करावी लागते. बाटली चालता चालता पिशवीतून निघते का, झाकण गार बोटांनी उघडतं का, पाणी पोटात डचमळतं का, हे तिथेच कळतं. गडावरच्या तळ्यांचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका. आणि जंगलातल्या पाणवठ्यावर शिदोरी सोडून बसू नका. उन्हाळ्यात तो जनावरांचा एकुलता एक आधार असतो.

काय न्यायचं

लिटर-लिटरच्या दोन बाटल्या. एक स्टीलची, एक रुंद तोंडाची जाड प्लास्टिकची. प्लास्टिकच्या बाटलीवर पाव-पाव लिटरला नेलपॉलिशनं रेघा मारा. किती प्यायलो हे आठवणीवर सोडलं की माणूस नेहमी जास्तच सांगतो, रेघ खोटं बोलत नाही. विकतच्या पाण्याची पातळ बाटली नेऊ नका. गरम पाण्यानं ती चेपते आणि शेवटी डोंगरावरच पडते. नळीवाल्या पाण्याच्या पिशव्या मिळतात, पण धुवायला कटकटीच्या आणि थंडीत नळीतलं पाणी गोठतं. नवख्यानं त्या भानगडीत पडू नये.

ओआरएसची चार-पाच पाकिटं आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. दुकानात तशाच दिसणाऱ्या डब्यांत नुसती गोड पेयं मिळतात, ती वेगळी. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरात घालायचं. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजानं टाकलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्यावर शेकडो जीव वाचवले. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ हात राखूनच. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या आणि नव्यानं करा.

सोबत क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या, एक स्वच्छ सुती फडकं आणि दोन-तीन निंबू.

आधी डॉक्टरांना विचारायच्या तीन गोष्टी

रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती चढाईच्या दिवशी कशी घ्यायची ते विचारा. स्वतःच बंद करू नका. ज्यांना हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांना या लेखातली मापं लागू नाहीत. मधुमेह असेल तर ओआरएसमधल्या साखरेचं विचारून घ्या.

तिसरी गोष्ट विदर्भात सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडे तर फारच, मेळघाटातही आहे. अंगातलं पाणी कमी झालं आणि हवेतला प्राणवायू विरळ झाला, या दोन्ही गोष्टींनी लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. डोंगरावर या दोन्ही एकाच वेळी होतात. ज्यांना हा आजार आहे त्यांनी इतक्या उंचीवर जाण्याचा बेत डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय करू नये. जे नुसते वाहक आहेत, ज्यांना एरवी काहीच त्रास नसतो, त्यांनाही उंचीवर प्लीहेचा त्रास झाल्याचं आढळलेलं आहे. डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर ते चमक भरली म्हणून सोडून देऊ नका, तिथूनच खाली उतरा. तपासणी झालेली नसेल तर आरोग्य केंद्रात करून घ्या. 2023 च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही चालू आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. सोबतच्या एका माणसाला तरी सांगून ठेवा.

गाडीतच अर्धी लढाई हरली जाते

बडनेरा किंवा नागपूरहून मे महिन्यात रेल्वेत बसलात की डबा तापलेला. पाणी विकत घ्यावं लागतं, संडासात पाणी नसतं, म्हणून लोक दिवसभर घोटाघोटावर काढतात. पुढे हरिद्वारहून घाटाची बस. उलट्या होतील या धास्तीनं सकाळपासून काहीच प्यायचं नाही, आणि तरी उलट्या होतातच. म्हणजे बस थांबते त्या सोनप्रयागला पोचेपर्यंत माणूस दोन दिवसांचा ताणलेला असतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही.

संत्र्याच्या आंबिया बहाराला आपण ताण देतो, पानं मलूल होईस्तोवर पाणी तोडतो. ते झाड जागेवर उभं असतं, त्याला डोंगर चढायचा नसतो. ताणलेलं अंग घेऊन चढायला सुरुवात केली, तर वर कितीही पाणी ओतलं तरी त्या दिवशी भरून निघत नाही.

गाडीत दर तासाला एक पेला तरी पोटात गेला पाहिजे. घाटात मळमळत असेल तर एकदम न पिता चमचा-चमचा, वाटलं तर निंबू-मीठ टाकून. उलटी झाली तर अर्ध्या तासानं ओआरएस सुरू करा. सोनप्रयागला पोचल्यावर लघवीचा रंग बघा. वाळल्या गवतासारखा फिका पिवळा असेल तर ठीक. हळदीसारखा किंवा त्याहून गडद असेल तर त्या रात्री पाणी आणि मिठाचं जेवण घ्या, आणि शक्य असेल तर चढाई एक दिवस पुढे ढकला. (ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर रंग एरवीही भडक पिवळाच येतो, तेवढं लक्षात ठेवा.)

बाया पाणी का पीत नाहीत

हे मी वेगळं लिहितोय, कारण दरवर्षी बघतो. आपल्या माय-बहिणी वाटेवर पाणी पीतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, नको, तहान नाही. खरं कारण आडोसा. घोडी, माणसं, डोल्या यांच्या गर्दीत कुठे जायचं? म्हणून सकाळपासून पाणी तोडलेलं असतं. मग वर गेल्यावर चक्कर, डोकेदुखी, आणि घरी आल्यावर लघवीची जळजळ आठवडाभर.

याची तजवीज पुरुषांनी आधी करायची आहे. मार्गावर टप्प्याटप्प्यानं शौचालयं आहेत. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, विचारायची वाट बघायची नाही. ओढणी नाहीतर जुनं लुगडं आणि एक छत्री सोबत असली की दोघी मिळून कुठेही आडोसा करता येतो. घोळक्यात दोन बाया नेहमी सोबत चालतील असं ठरवा. आमच्या गावच्या एका मावशींना मी एवढंच म्हटलं होतं, "मावशी, तुमी जवा म्हणसान तवा आपन सगळे थांबू." त्या दिवशी त्यांनी अडीच लिटर पाणी प्यायलं आणि सगळ्यांच्या आधी वर पोचल्या.

चढाईचा दिवस

उठल्याबरोबर अर्धा लिटर कोमट पाणी, हळूहळू. एकदम गटगटा प्यायलेलं पाणी पाटानं सोडलेल्या पाण्यासारखं वाहून जातं, अर्ध्या तासात लघवीतून निघतं. मग चहा-नाश्ता. चहानं पाणी तुटतं असं लोक म्हणतात, पण रोजच्या दोन-तीन कपांनी काही बिघडत नाही, तो चहा पाण्यातच धरा. दारू मात्र आदल्या रात्रीही नको.

चालताना दर वीस मिनिटांनी तीन-चार मोठे घोट, म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे मिली. तासाला चारशेच्या आसपास होतात. घाम जास्त येणाऱ्यानं आपल्या वजनाच्या हिशोबानं थोडं वाढवावं. मोबाईलला गजर लावा आणि तो वाजला की सगळ्यांनी थांबून प्यायचं. एकाला नको असलं तरी त्यानं घोट घ्यायचा. पाऊस चालू असला तरी, गार वाटत असलं तरी.

जंगलचट्टी, भीमबली, लिनचोली, अशी ठिकाणं आहेत. दर ठिकाणी बाटली भरून घ्या आणि पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत ती रेघेपर्यंत उतरलेली हवी. म्हणून पाठीवर दोन लिटरपेक्षा जास्त ओझं नको. दिवसभरात चहा, सूप, खिचडीतलं पाणी धरून तीन ते चार लिटर पोटात गेलं की पुरे.

नुसतं पाणीही नको. घामासोबत मीठ जातं. दोन लिटर साध्या पाण्यामागे एक लिटर ओआरएसचं, आणि पिशवीत चिवडा, खारे दाणे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. एखादा दर दहा मिनिटाला पितोय, लघवी पाण्यासारखी पांढरी होतेय, बोटातली अंगठी रुतायला लागलीय आणि मळमळतंय, तर त्याचं साधं पाणी थांबवा आणि खारट काहीतरी खायला द्या. रक्तातलं मीठ पातळ झाल्यावरही डोकं दुखतं आणि उलटी होते. तेव्हा आणखी पाणी पाजणं धोक्याचं.

पाणी कुठलं घ्यायचं

वाट घोड्या-खेचरांची आहे. त्यांचं शेण-मूत वाटेवरून खालच्या ओहोळात उतरतं. म्हणून वाटेला आडवा जाणारा ओढा कितीही खळाळता दिसला तरी त्यातून बाटली भरायची नाही. मंदाकिनीचं पाणी दुधाळ दिसतं, त्यात हिमनदीनं दगड घासून केलेली बारीक भुकटी असते आणि तिनं पोट बिघडतं. टप्प्यावरच्या नळाचं घ्या, आणि तेही तसंच पिऊ नका.

पद्धत घरचीच आहे. आधी फडकं चौपदरी करून गाळा. मग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनचे थेंब टाका, झाकण लावून हलवा आणि अर्धा तास थांबा. पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर. वास आवडत नसेल तर निंबू पिळा, पण तो वेळ संपल्यावर. निंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला मारतं, म्हणून आधी पिळलं तर जंतू तसेच राहतात. ओआरएसचं पाकीटही नंतरच.

चहाच्या टपरीवर गरम पाणी मिळतं. गरम आणि उकळलेलं यात फरक आहे. खळखळ बुडबुडे येताना डोळ्यांनी बघा आणि मग स्टीलच्या बाटलीत घ्या. 2000 मीटरच्या वर पाणी तीन मिनिटं उकळू द्यायचं, कारण उंचीवर ते लवकर उकळतं. मंदिराजवळ साधारण 88-89 डिग्रीलाच उकळी येते. तिथे डाळ शिजायला वेळ लागतो तो त्याचमुळे.

वाटेच्या कडेला मेमध्येही बर्फ असतो. पोरं तो उचलून तोंडात टाकतात. बर्फ वितळवायला अंगातली ऊब खर्च होते आणि पाणी मिळतं चिमूटभर. शिवाय त्यावर सगळ्या वाटेची धूळ बसलेली असते. त्यांना आधीच सांगून ठेवा.

वर पोचल्यावर

संध्याकाळी लोक पाणी तोडतात, रात्री थंडीत उठावं लागेल म्हणून. तोडू नका. उंचीवर रात्री एक-दोनदा लघवीला उठावं लागणं ही चांगली खूण आहे. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि पांघरुणात पायाशी ठेवा. पाय गरम राहतात आणि पहाटे प्यायला कोमट पाणी मिळतं. दुसरी बाटली बाहेर राहिलीच तर उलटी ठेवा. पाणी वरच्या बाजूनं गोठतं, म्हणजे तोंडाकडचं मोकळं राहतं.

डोकं दुखलं तर आधी अर्धा लिटर ओआरएस हळूहळू घ्या आणि तासभर बसा. पाणी कमी पडल्यानं दुखत असेल तर उतरतं. उतरलं नाही, किंवा सोबत उलटी, खूप थकवा, बोलण्यात गोंधळ असेल, तर तो उंचीचा त्रास समजा. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. झोक जात असेल तर रात्र आहे, पाऊस आहे, दर्शन राहिलंय, यातलं काही बघायचं नाही. वैद्यकीय मदत केंद्रात न्या आणि खाली उतरवा. भरपूर पाणी प्यायलं की उंची लागत नाही असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे. उंची सोसायला अंगाला वेळच लागतो. 3000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावू नये असा साधारण नियम आहे, आणि केदारनाथची एका दिवसाची चढाई तो मोडते. म्हणून वयस्कर माणसं सोबत असतील तर वाटेत एक मुक्काम करा.

उतरताना

उतरताना श्वास लागत नाही म्हणून पाणी पूर्ण विसरलं जातं. गजर बंद करू नका, वीस मिनिटांऐवजी अर्ध्या तासावर ठेवा. उतारावर गुडघे एरवीही लटपटतात, त्यात अंग कोरडं नको. गौरीकुंडाला पोचलात की गाडीच्या रांगेत उभं राहण्याआधी अर्धा लिटर प्या, काहीतरी खारट खा, आणि बाटल्या पुन्हा भरून घ्या. पुढे घाट आहे, मग हरिद्वार, मग तापलेली रेल्वे, आणि बडनेऱ्याला उतराल तेव्हा बाहेर पंचेचाळीस डिग्री असेल. चार दिवस गारव्यात राहिलेल्या अंगाला ते ऊन एकदम झेपत नाही. घरी पोचल्यावर पहिले दोन दिवस दुपारी वावरात जाऊ नका.